फोन वाजला की छातीत धस्स होतं. आपापला धंदा करणाऱ्या अजून कोणाला असं होतं का?

वाडीतला वायरमन, दापोली तालुका

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण हाताचं काम करणारे आहेत म्हणून इथेच विचारतोय. घरात अजून बोललो नाही नि गावात बोलायची सोय नाही, सकाळी बोललेलं दुपारपर्यंत खालच्या वाडीत पोचतं.

माझं वय ३९. घरांचं वायरिंग, विहिरीच्या मोटारी, इन्व्हर्टर, होमस्टेवाल्यांची कामं असं सगळं करतो. आयटीआय झाल्यावर लोट्याला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो, वडील गेल्यावर घरी आलो नि स्वतःचं चालू केलं, त्याला आता १४ वर्षं झाली. आधीच सांगतो, काम भरपूर आहे. टेन्शन म्हटलं की लोकांना वाटतं धंदा बसला असेल. तसं नाही, काम पुरून उरतंय नि तरी मी असा झालोय हेच मला कळत नाहीये.

शिमग्यापासून सुरू झालं असं म्हणता येईल. फोन वाजला की छातीत धस्स होतं नि तळहाताला घाम फुटतो. कोणाचा फोन ते बघायच्या आधीच वाटतं की कुठेतरी काहीतरी जळलं, कोणाला तरी शॉक बसला, नायतर कोणीतरी शिव्या घालायला फोन केलाय. म्हणून सायलेंटवर टाकला तर आता दर दहा मिनिटांनी खिशातून काढून बघतो. रात्री अडीच-तीनला जाग येते नि मग एकेक घर डोळ्यांसमोर यायला लागतं. कर्द्याला एका होमस्टेत थ्री फेजचा बोर्ड बसवला होता, रात्री पडल्या पडल्या वाटलं की न्यूट्रलचा स्क्रू मी आवळलाच नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर घरातल्या वस्तूंवर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास जाऊ शकतात, टीव्ही फ्रीज एसी सगळं एका दमात जातं. साडेचारला उठलो, गाडी काढली, १७ किलोमीटर गेलो, मालकाला झोपेतून उठवून बोर्ड उघडला. स्क्रू गच्च होता. मालक चांगला माणूस, चहा दिला, पण माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती अजून आठवते. आणि खरं सांगतो, घरी परत येईपर्यंत मला परत शंका आली होती की बाजूचा स्क्रू बघितला का.

पण आता जे झालं त्याने मी घाबरलोय. गेल्या आठवड्यात वरच्या वाडीत एका आजींची मोटार उचलत नव्हती. विहीर तळाला गेलेली, मे महिना, घरात आजी एकट्या, पाणी शेजारून कळशीने आणत होत्या. मोटार वर काढली, केबल सोडवली, तीन वायरी मोकळ्या केल्या. आता सिंगल फेजच्या मोटारीत स्टार्टिंग रनिंग कॉमन ओळखायचं म्हणजे मीटर लावून तिन्ही जोड्यांचा ओहम, म्हणजे वायरीचा अडथळा, बघायचा, ज्या दोघांत सगळ्यात जास्त येतो ती स्टार्टिंग नि रनिंग, उरली ती कॉमन. मग कॉमनपासून बघायचं, जास्त दाखवते ती स्टार्टिंग. हे मी झोपेत करीन. त्या दिवशी पहिली जोडी बघितली, दुसरी बघितली, तोपर्यंत पहिलीचा आकडा डोक्यातून गेला. परत बघितलं, परत गेला. मग पेनाने तळहातावर लिहिलं तर घामाने पुसलं. असं किती वेळ चाललं होतं माहीत नाही, अर्धा तास तरी. आजी कोकम सरबत घेऊन आल्या, म्हणाल्या काय रे बाळा बरं नाही का वाटत, नि मला विहिरीच्या कठड्यावर बसून रडायला आलं. ३९ वर्षांचा माणूस. नंतर स्वतःला सावरून पॅनेल उघडला नि कॅपॅसिटरला तसाच हात लावला, डिस्चार्ज न करता. कॅपॅसिटर म्हणजे मोटार उचलायला लागतो तो डबा, लाईट बंद केली तरी करंट धरून ठेवतो. सणसणीत झटका बसला, कोपरापर्यंत. हात लावायच्या आधी तो डिस्चार्ज करायचा हे मी माझ्या हाताखालच्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. मोटार तशीच ठेवून उद्या येतो सांगून निघालो, नि अजून गेलो नाहीये. आजींचे दोन फोन येऊन गेलेत.

पैशाचं पण आहे. एका होमस्टेचे ६२,००० दिवाळीपासून अडकलेत. बाकी भावकीतले नि गाववाले. "तू काय परका आहेस, देतो की रे." मागायला गेलं तर तोच माणूस उद्या देवळात शेजारी बसणार, पालखीला खांदा लावणार. आणि दुकानदार मात्र माझ्याकडून वायरचे पैसे महिन्याच्या महिन्याला घेतो. उधारीची वही आहे पण तीन महिने उघडलीच नाही, उघडायला भीती वाटते.

विचारायचं एवढंच की हे आजारपण आहे का माझाच आळशीपणा वाढलाय. तुमच्यापैकी कोणाला झालं असेल तर काय केलंत. नि सरळ हे बंद करून परत कंपनीत जावं का, १२ तास भरले की माणूस मोकळा तरी असतो. पुढे गणपती आहेत, त्याच्या आधीचा महिना आठवला तरी पोटात गोळा येतो.


कुडाळचो प्लंबर

भावा, तुझा ह्या वाचलंय नि माका वाटला माझाच कोणीतरी लिवल्यान. माका रातचो टाकयेचो पाणी गळल्याचो आवाज येय, उठान बघलंय तर काय नाय. आळशी मनशाक रातचे स्क्रू आठवनत नाय, तेव्हा तो विषय आधी डोक्यातसून काढ.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. मला दोन गोष्टींनी फरक पडला. एक म्हणजे कामाचं सिम वेगळं केलं, साध्या बटणाच्या फोनात. तो फोन रात्री ८ ला स्वयंपाकघरातल्या फळीवर जातो नि सकाळी ७ ला खाली येतो. पहिला महिनाभर लोकांनी तोंडं वाकडी केली, दोघं दुसऱ्या प्लंबरकडे गेले, त्यातला एक परत आला. ज्यांच्याकडे खरंच पाणी घरात शिरतं अशा चार-पाच गिऱ्हाइकांना घरचा नंबर दिलाय, वर्षभरात तीनदा फोन आला असेल.

दुसरं गणपतीचं. चाकरमानी येणार म्हणून प्रत्येकाला बाथरूम त्याच आठवड्यात नवं हवं असतं. मी आता नागपंचमीपर्यंत ज्यांनी सांगितलं त्यांचीच कामं घेतो. त्याच्यानंतर कोणी कितीही जवळचा असला तरी "गणपती झाल्यावर". पहिल्या वर्षी सख्ख्या मामाला नाही म्हटलं तेव्हा माझेच पाय लटपटत होते. मामा चार दिवस बोलला नाही, गौरीजेवणाला मात्र त्यानेच बोलवलं.

आजींकडे मात्र जा रे, निदान फोन तरी उचल. न उचललेला फोन जास्त खातो.


चाकरमानी, डोंबिवली

दादा राग मानू नका, पण आपल्या बापजाद्यांनी डिप्रेशन हा शब्द तरी ऐकला होता का? ते पण राबायचेच की. पहाटे उठा, समुद्रावर चालायला जा, देवाचं करा, मोबाईल कमी वापरा. मुंबईत आम्ही लोकलला लटकून जातो, तुमच्याकडे शुद्ध हवा आहे. गोळ्याबिळ्यांच्या नादी लागू नका एवढं कळकळीने सांगतो, एकदा लागल्या की सुटत नाहीत.


फरशीवाला, चिपळूण

वरच्या भाऊंनी कळकळीने लिहिलंय हे दिसतंय, पण मला यावर बोलायलाच पाहिजे. शब्द ऐकला नव्हता म्हणून होत नव्हतं असं नाही. माझे चुलते नावाजलेले गवंडी होते, अख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्या हातचा चिरा. पन्नाशीनंतर दोन वर्षं माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. घरात कोणी म्हणायचं बाहेरचं आहे, कोणी म्हणायचं देवाचं काही राहिलंय, गाऱ्हाणी घातली, सगळं केलं. डॉक्टर मात्र कोणी दाखवला नाही. ते तसेच गेले.

आता माझं. वय ५६, फरशी नि प्लास्टरची कामं घेतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या शहरात शिरलं ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी उतरल्यावर चिखल काढून झाला नि मग ज्याला त्याला काम करायचं होतं, दुकानांच्या फरशा उचकटलेल्या, भिंती ओल्या, प्लास्टर हाताने पडत होतं. लोक रडून सांगायचे की दुकान उघडलं नाही तर खाणार काय. मी नाही कोणालाच म्हटलं नाही. ११ जणांचे ॲडव्हान्स घेतले. आता आमच्या धंद्यातल्यांना माहीत आहे पुढे काय होतं ते. पहिल्याच्या ॲडव्हान्समधून दुसऱ्याचं सिमेंट, दुसऱ्याच्या ॲडव्हान्समधून मजुरी, ह्याची टोपी त्याला. त्यात माझं स्वतःचं घर पाण्यातून निघालेलं, कटर मशीन नि मिक्सर दोन्ही गेलेले. दिवाळीपर्यंत मी अशा ठिकाणी येऊन पोचलो की चार कामं अर्धी, सात सुरूच नाहीत, हातात पैसे शून्य, नि बाजारातून जायचं तर मी मागच्या गल्लीने जायचो कारण पुढच्या रस्त्यावर माझीच गिऱ्हाइकं बसलेली.

एका संध्याकाळी घरी परत जायचंच नाही असं मनात पक्कं झालं होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पुतण्याचा फोन आला, काका जेवायला थांबलोय, भाकऱ्या गार होतायत. मी गेलो, जेवलो नि त्याला सगळं सांगितलं. तो २४ वर्षांचा पोरगा, त्याने काही उपदेश केला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली नि मला रत्नागिरीला घेऊन गेला. आमच्याकडे कोणाला वेडा म्हणायचं तर "रत्नागिरीला पाठवा" म्हणतात, का ते सगळ्यांना ठाऊक आहे. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, नागपूर नि आमचं रत्नागिरी. गेटातून आत जाताना मी रुमाल तोंडावर धरला होता. आत ओपीडीत बसलेले सगळे माझ्यासारखेच, एक एसटीचा ड्रायव्हर, एक बाई लहान मुलाला घेऊन, एक मास्तर. डॉक्टरने नीट ऐकून घेतलं, अर्धा तास.

गोळ्यांबद्दल सांगतो. पहिले १५ दिवस मला काडीचा फरक नव्हता, उलट तोंड कोरडं पडायचं, मी सोडणार होतो. डॉक्टरने आधीच सांगून ठेवलं होतं की ह्या गोळ्यांना दोन ते चार आठवडे लागतात, तेवढं थांबा, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी उठलो नि लक्षात आलं की रात्रभर झोपलो होतो. पुढे १४ महिने चालू होत्या, मग त्यांनीच हळूहळू कमी करत बंद केल्या. तेव्हा सुटत नाहीत हे काही खरं नाही भाऊ, निदान माझ्या सुटल्या.

आणि त्या ११ जणांचं काय झालं ते पण लिहितो कारण नुसत्या गोळीने ते सुटलं नसतं. पुतण्याने वहीत ११ नावं लिहिली, कोणाचे किती घेतले, किती काम झालं. नि आम्ही दोघं एकेकाच्या दारात गेलो. मी सांगितलं, माझी तब्येत अशी आहे, पैसे असे असे फिरवलेत, तुमचं काम अमुक महिन्यात करून देतो. सात जण थांबायला तयार झाले. दोघांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं, त्यांचा हक्कच होता. दोघांना हप्त्याने पैसे परत केले. तेव्हापासून एक नियम पाळतो, मटेरियल गिऱ्हाइकाने दुकानातून स्वतःच्या नावावर उचलायचं, मी फक्त यादी देणार. ॲडव्हान्स घेतो तो फक्त मजुरीचा, नि एका वेळी दोनच साईट. कमाई कमी झाली का तर हो झाली. बाजारातून मात्र पुढच्या रस्त्याने जातो.

वायरमन भाऊ, तुझा आळशीपणा नाही हा. दापोलीहून रत्नागिरी लांब पडत असेल तर जवळ विचार, पण जा.


श्रीवर्धनची वहिनी

मी कारागीर नाही, माझे मिस्टर फ्रीज-एसीचं काम करतात. पण वाचून राहवलं नाही.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. माडं, सुपारी, कौलं सगळं. लाईट परत आली तेव्हा कोणाचा फ्रीज चालू होईना, सगळ्यांचे फोन ह्यांनाच. त्या दिवसांत नाही, नंतर दीड वर्षाने ह्यांना त्रास सुरू झाला. माणूस बोलायचा बंद झाला. मुलांवर ओरडायचा. एकदा न्हाणीघरात बादली भरून वाहतेय, पाणी बाहेर अंगणात आलं, मी आत जाऊन बघते तर हे स्टुलावर बसून नळाकडे नुसते बघतायत. संध्याकाळचं पिणं पण वाढलं होतं, म्हणायचे त्याशिवाय झोप येत नाही. झोप यायची पण दोनला परत जागे, नि सकाळी जास्तच चिडचिड.

भाऊ तुम्ही लिहिलंत घरात बोललो नाही. तुम्हाला वाटतंय बायकोला माहीत नाही. तिला माहीत आहे. पहाटे साडेचारला गाडी काढून गेलात तेव्हा ती जागीच असणार. तिला फक्त काय झालंय ते माहीत नाही म्हणून ती भलतंसलतं काहीबाही मनात आणत असेल, मी आणलं होतं. मला वाटलं होतं ह्यांना कर्ज झालंय नायतर दुसरं काही आहे. सांगून टाका.

आमच्याकडे काय झालं की वही मी घेतली. आधी ह्यांची वही म्हणजे पाठीमागच्या खिशातली छोटी डायरी, तिच्यात "पिंट्या गॅस ८००" एवढंच. कोण पिंट्या, कधी, दिले का, काही नाही. मी मुलाची जुनी लांबट वही घेतली नि रोज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं, आज कुठे गेलात, काय बसवलं, किती झाले, किती आले. ह्यांनी बोलायचं, मी लिहायचं. सुरुवातीला हे कंटाळायचे. मग झालं असं की तेवढ्यात बाकीचं पण बोलायला लागले, की तो अमका असा बोलला, तिथे कॉम्प्रेसर गेला तर माझ्यावर आळ आला. ते माझ्यापाशी बोलून झालं की रात्री उठणं कमी झालं.

आणि उधारीचे फोन मी करते. ह्यांच्या तोंडून पैशाचा शब्द निघत नाही, मैत्रीतले सगळे. मला काही वाटत नाही. पहिल्या महिन्यात २३,००० आले, जे हे सोडून देऊन बसले होते.

डॉक्टरकडे पण गेलो आम्ही, ते चिपळूणच्या काकांनी छान लिहिलंय म्हणून परत लिहीत नाही.


दवाखान्यातली ताई, रत्नागिरी जिल्हा

मी सरकारी आरोग्य सेवेत काम करते, डॉक्टर नाही हे आधी स्पष्ट करते. पण अशी माणसं आमच्याकडे रोज येतात, नि बहुतेक जण आधी छातीत दुखतंय म्हणून येतात.

दादा, पहिलं काम म्हणजे ईसीजी, बीपी, शुगर नि थायरॉईड बघून घ्या. थायरॉईड वाढलेलं असलं तरी धडधड, घाम, झोप नाही, हे सगळं होतं. ३९ वय आहे, हृदयाचं काही नाही ना हे आधी मोकळं करून घ्यायचं, अंदाजाने मनाचं आहे म्हणायचं नाही. ते सगळं चांगलं आलं तर मग हा चिंतेचा आजार असू शकतो, तो डॉक्टर ठरवतील. घरातून निघताना कुलूप दोनदा बघणं वेगळं नि पहाटे १७ किलोमीटर जाऊन स्क्रू बघणं नि परत शंका येणं वेगळं, हे त्यांना जसंच्या तसं सांगा, लाजू नका. आकडा लक्षात न राहणं हे पण सांगा. झोप नसली नि डोकं सतत सावध असलं की असं होतं, तुमची कला कुठे गेलेली नाही.

१४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट, दिवसरात्र कधीही, मराठीत बोलतात. नाव गाव सांगायची सक्ती नाही. रात्री तीनला जाग आली नि वाईट काहीतरी मनात आलं तरी तेव्हा लावता येतो. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, तालुक्याच्या ठिकाणी त्यांची माणसं ठरलेल्या दिवशी येतात, तो दिवस तुमच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारून घ्या.

आणि एक हात जोडून सांगते. झोप नीट लागेपर्यंत एकट्याने लाईटचं काम करू नका. मेन बंद केला का, टेस्टर लावला का, हे बाजूला उभं राहून मोठ्याने विचारणारं कोणीतरी सोबत ठेवा. कोपरापर्यंत झटका बसला ते वाचून मला धडकी भरली.


बिलवाला, अलिबाग

फक्त त्या ६२,००० पुरतं लिहितो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, केलीय का? सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार नि पॅन लागतं, पैसे मागणाऱ्या एजंटकडे जाऊ नका. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात आहे की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे थांबवता येत नाहीत, नि करारच नसेल तर १५ दिवस, पुढे व्याज लागतं. मात्र नोंदणी आधी नि काम नंतर असं असेल तरच धड दाद मागता येते, म्हणून जुन्या बिलाला किती उपयोग होईल हे भरवशाने सांगत नाही, पुढच्यासाठी करून ठेवा. जुन्यासाठी तारखेसकट लेखी बिल बनवा, व्हॉट्सॲपवर पाठवा, मालक "हो देतो" म्हणाला तर तो मेसेज जपून ठेवा. तोंडी उधारीत माणसाला स्वतःवरच शंका यायला लागते की खरंच ६२ होते का ५८.

बँकेत खातं असेल तर वर्षाला २० रुपयांत अपघाताचा २ लाखांचा सरकारी विमा मिळतो, पंतप्रधान सुरक्षा विमा. तुमच्या कामाला तो पाहिजेच. कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेचं कोणी सांगेल, पण त्यातल्या १८ धंद्यांत सुतार, गवंडी, होडी बांधणारे आहेत, इलेक्ट्रिशियन नाही, त्यामुळे त्याच्यामागे हेलपाटे घालू नका.


चाकरमानी, डोंबिवली

चिपळूणचे काका, तुमचं वाचलं. दोनदा वाचलं. माझा धाकटा भाऊ गावी गाड्यांचं गॅरेज चालवतो, गेले सहा महिने फोनवर नीट बोलत नाही, मी त्याला हेच सगळं ऐकवत होतो जे वर लिहिलं. आज रात्री परत फोन करतो, या वेळी नुसतं ऐकतो.


वाडीतला वायरमन, दापोली तालुका

मंडळी उशीर झाला, १२ दिवसांनी लिहितोय. मध्ये मृगाचा पाऊस लागला, लाईट नि रेंज दोन्ही नव्हती.

त्याच रात्री बायकोला सांगितलं. वहिनी तुमचं अगदी खरं निघालं, ती त्या पहाटे जागी होती, खिडकीतून गाडीचा लाल दिवा वळणापर्यंत बघत होती म्हणाली. तिने विचारलं एवढंच की मला उठवलं का नाहीस.

ईसीजी चांगला आला, थायरॉईड पण. बीपी १५०/९६ निघालं, ते परत परत बघायला सांगितलंय. मनाच्या डॉक्टरांकडे पण जाऊन आलो, त्यांनी एक गोळी रात्रीची दिलीय नि दोन आठवड्यांनी बोलवलंय. त्याच्या आधी १४४१६ ला फोन केला होता, घरात आई ऐकेल म्हणून काजूच्या बागेत जाऊन. तिकडे एक बाई होत्या, मी पाच मिनिटं नुसतं "हॅलो, हां" एवढंच बोलत होतो, त्या थांबल्या, घाई केली नाही. मग जे सुरू झालं ते २५ मिनिटं. उन्हात उभा होतो ते नंतर कळलं.

आजींकडे गेलो. आधी फोन केला, माफी मागितली, त्या म्हणाल्या मोटार जाऊदे तू बरा आहेस ना. पोराला सोबत नेलं. मेन बंद, टेस्टर, कॅपॅसिटर डिस्चार्ज, प्रत्येक गोष्ट तो मोठ्याने विचारत होता नि मी मोठ्याने हो म्हणत होतो. ओहम मी बघितले नि आकडे त्याने खडूने पंपघराच्या चिऱ्यावर लिहिले, तीन जोड्या, तीन आकडे, खाली रेघ. वाइंडिंग चांगलं होतं, कॅपॅसिटर गेलेला, तोच मला झटका देणारा. नवीन घातला. बटण दाबलं नि दोन मिनिटांनी टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा आजींनी नळाखाली हात धरला. पैसे घेत नव्हतो तर ओरडल्या, घ्यायला लावले.

कंपनीचं अजून ठरवलेलं नाही, डॉक्टर म्हणाले झोप सुधारेपर्यंत असला मोठा निर्णय नको. गणपतीची कामं नागपंचमीपर्यंतच घेणार हे मात्र ठरलं, बायकोने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलाय. फोनचं दुसरं सिम आणलं. रात्रीची जाग अजून येते, स्क्रू पण आठवतात, परवा परत गाडीची किल्ली हातात घेतली होती, ती तिने काढून घेतली नि म्हणाली सकाळी सात वाजता दोघं जाऊ. सकाळी गरज वाटली नाही.

वही उघडली. बायकोनेच उघडली, मी पडवीत बसलो होतो. सगळी उधारी मिळून १,८४,००० निघाली. मला वाटत होतं तीन लाखांच्या वर असेल. होमस्टेवाल्याला लेखी बिल पाठवलं तर २०,००० आले, बाकीचे गणपतीपर्यंत देतो असा मेसेज आलाय, तो जपून ठेवलाय.

आता उरलेत ते भावकीतले नि वाडीतले, नि तिथे येऊन बायकोचं अडलंय. ती वहिनींना विचार म्हणते, आपल्याच माणसांना फोन करताना पहिलं वाक्य काय बोलता? ती तीन दिवस फोन हातात घेऊन ठेवतेय.


श्रीवर्धनची वहिनी

तिला सांगा मी पण आठवडाभर घेऊन ठेवत होते.

सकाळी नको, दुपारी चारच्या चहाच्या वेळेला करायचा, नि शक्यतो घरातल्या बाईला. आधी पाऊस कसा आहे, लावणीला माणसं मिळाली का, पोरं कशी आहेत. मग म्हणायचं, "काकी, आंब्याच्या आधी तुमची मोटार केली होती ना, ते वहीत लिहायचं राहिलं होतं, १,८५० झाले होते. मी उद्या दुकानात येणार आहे, जाता जाता तुमच्याकडून घेऊन जाऊ का?" आकडा सांगायचा, दिवस सांगायचा, नि मग गप्प बसायचं. माफ करा वगैरे म्हणायचं नाही, तिकडून बोलणं येईपर्यंत थांबायचं, दहा सेकंद जड जातात.

पहिला फोन सगळ्यात छोट्या उधारीवाल्याला करायला सांगा.